जमिनीपासून दोन फूट सात इंच

सदा गेला हे मला कळलं तेव्हा मी मेथी निवडत होते. ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज आला, "आपले सदानंद काका काल गेले." त्याखाली ओळीने जोडलेले हात, आणि लगेच त्याखाली कुणीतरी विचारलेलं, "गुरुवारच्या फायली अपलोड झाल्या का?" मी तिथल्या तिथे ग्रुप सोडला. रिटायर होऊन आठ महिने झाले तरी सोडला नव्हता, का ते माझं मलाच माहीत. मग उरलेली मेथी निवडली, धुतली, भाजी केली आणि जेवले नाही. सदाशी मी नीट बोलले त्याला चौदा महिने झाले होते... चौदा महिने! आणि चूक माझी होती. ते त्याला सांगायचं राहिलं, म्हणून इथे लिहितेय. त्याला आता काय फरक पडतो म्हणा. पण मला पडतो.

घाटकोपरला एका जुन्या गाळ्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. आमचं काम ऐकून लोक हसायचे. इंग्लंडमधल्या जुन्या घरांचे नकाशे आम्ही घाटकोपरमध्ये बसून काढायचो. तिकडची माणसं घरात तिवईवर एक यंत्र ठेवायची, ते गोल फिरून चारी बाजूंना उजेड फेकायचं, आणि त्यातून कोट्यवधी ठिपके आमच्या कॉम्प्युटरवर उतरायचे. रांगोळीच्या ठिपक्यांचं अख्खं घर म्हणा ना. भिंती, जिने, पडदे, खुंटीवरचा कोट, दाराशी काढलेले बूट, सगळं ठिपक्यांचं. त्यातलं माणसांचं सामान पुसायचं आणि फक्त घर तेवढं ठेवायचं, हे सदाचं काम. तो काढायचा, मी तपासायचे. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात दोन चौकटी असतात, 'काढणार' आणि 'तपासणार'. एकोणीस वर्षं पहिल्या चौकटीत त्याचं नाव आणि दुसरीत माझं.

सदा माझ्याहून चार वर्षांनी लहान. अंगाने काटकुळा, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं, आणि डोक्याला खोबरेल एवढं चोपडलेलं की कॉलर कायम काळी. "अरे, भजी तळायची आहेत का डोक्यावर?" असं मी त्याला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. तो हसला आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच तेल लावून आला. वडील साताऱ्याकडून आलेले गवंडी. घाटकोपरच्या डोंगरावरची दहा बाय बाराची खोली त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेली. ते गेले, मग आईचं आजारपण आलं, ते करता करता सदाचं लग्न राहून गेलं, आणि आई गेल्यावर तो त्या खोलीत एकटा राहिला. मी मुलुंडला, नवरा गेल्यापासून मीही एकटीच. पण आमचं रडगाणं आम्ही कधी एकमेकांना ऐकवलं नाही. डबा मात्र एकत्र. माझ्या डब्यातली सोड्यांची चटणी त्याची आणि त्याच्या डब्यातला ठेचा माझा, ही वाटणी ठरलेली. मी त्याला सदा म्हणायचे, तो मला ताई, आणि दोघंही अरे-तुरे.

सतरा नंबरचं घर आलं ते तीन वर्षांपूर्वी. त्याला नाव असणारच, पण आम्हाला नावं कळवत नसत. सोबतच्या कागदावर एवढंच होतं की फार्महाउस आहे आणि चारशे वर्षांचं आहे. आता आपल्याकडे फार्महाउस म्हणजे कर्जतला स्विमिंग पूल आणि कानठळ्या बसवणारी गाणी. ठिपके उघडले तर निघालं लांबुडकं, बुटकं, शेणामातीत राबणाऱ्यांचं घर. एका टोकाला स्वयंपाकघर, उत्तरेच्या बाजूला दूधदुभत्याची थंडगार खोली, वरती धान्याचा माळा. दारं जेमतेम पाच फूट चार इंच. जिना असा की बाहेरून कपाट वाटावं, दार उघडलं की आत पायऱ्या वळत वर जातात. आणि सरळ रेघ अख्ख्या घरात औषधालाही नाही. ओकचे खांब वाकलेले, तुळया पोटात खचलेल्या, माळ्याची जमीन अशी की एका कोपऱ्यात गोटी सोडली तर दुसऱ्या कोपऱ्यात सापडावी.

सदाने काय केलं? सगळं सरळ करून टाकलं! गवंड्याचा मुलगा, त्याला ते बघवेना. भिंती काटकोनात, खांब ताठ, जिन्याच्या पायऱ्या एकसारख्या. मीही हौसेने तपासून पाठवलं. तीन दिवसांनी फाईल परत, घर वाकडं आहे, आम्हाला ते वाकडंच हवंय. सदाचा चेहरा एवढासा झाला. दुसऱ्या दिवशी तो वडिलांचा ओळंबा घेऊन आला, पितळी, दोरीला लटकवलेला, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर धरून बसला. "बघ ताई, ही भिंत साडेचार इंच बाहेर गेलीय. आमच्या बापाने असली भिंत बघितली असती तर गवंड्याला माचीवरून खाली उतरवलं असतं. आणि ही चारशे वर्षं उभी आहे..." तो बराच वेळ बघत बसला. त्या दिवसापासून त्याला त्या घराचं वेडच लागलं.

आता हे वेड काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एरवी एक घर तीन आठवड्यांत हातावेगळं व्हायचं. सतरा नंबर सहा महिने चाललं, कारण सदा त्यात शिरला होता. एका भिंतीचा गिलावा पडलेला दिसला, आत विणलेल्या काटक्या आणि माती. मी ओरडलेच, "अगो बाई, हा तर कूड!" माझ्या आजोळी, मालवणकडे, शेण-माती थापलेल्या अशाच कुडाच्या भिंती. कागदात बघितलं तर गोऱ्या साहेबांच्या भिंतीतसुद्धा शेण! दोघं इतके हसलो की साहेब केबिनमधून बाहेर आले. मग सदाला तुळयांवर सुतारांनी कोरलेल्या खुणा सापडल्या, कुठला तुकडा कुठे बसवायचा त्याच्या. मग चुलीवरच्या तुळईवर टोकदार काहीतरी घेऊन ओरखडलेली गोल फुलं सापडली, दृष्ट लागू नये म्हणून काढलेली. आणि ती चूल... चूल कसली, नऊ फूट रुंद खोलीच ती. आत माणूस उभा राहील, दोन्ही बाजूंना बसायला ओटे, शेजारी मीठ कोरडं राहावं म्हणून कोनाडा. सदाने मापं टाकली आणि खुर्ची मागे सरकवून म्हणाला, "ताई, ह्यांच्या चुलीत आमचं अर्धं घर बसतंय."

चुलीशेजारी उंच पाठीचा एक लाकडी बाक भिंतीलाच ठोकलेला होता. त्याच्या पाठीवर एका ठिकाणी लाकूड काळं, चकचकीत झालेलं. सदाने तो ठिपका न् ठिपका बघून नकाशात उतरवला. मी तपासताना म्हटलं, "हा डाग कशाला काढत बसलास? डाग कोण मागतंय?" तर म्हणाला, "डाग नाही ताई, डोकं आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी इथे डोकं टेकलंय. बघ ना, ह्याच्याखाली हा दुसरा, बारका. पोराचा असणार." मी तो डाग ठेवला. तेवढी अक्कल मला होती.

आणि त्या चुलीसमोरच, खुर्चीत, ती बसलेली होती. यंत्र लावतात तेव्हा घरातल्यांना बाहेर जायला सांगतात. हलतं माणूस ठिपक्यांत फाटकंतुटकं येतं. त्या घरातलं कुत्रं तीन जागी अर्धं-अर्धं आलं होतं. पण ही बाई मात्र अख्खी आली होती. म्हातारी, खांद्यावर शाल, दोन्ही हात मांडीवर. यंत्र स्वयंपाकघरात तीनदा जागा बदलून लावलेलं, तिन्ही वेळा ती तिथेच, तशीच. सदा म्हणाला, "हिला सांगितलं असणार, पाच मिनिटं बाहेर थांबा म्हणून. ही म्हणाली असेल, मी कशाला उठू? माझं घर आहे." मी म्हटलं, "असेल बाबा. पूस आता." नियमच तो. सामान पुसायचं, माणसं पुसायची.

सदाने तिला पुसलं नाही. आमच्या नकाशात लेयर असतात, म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. हवा तो चालू करायचा, नको तो बंद. त्याने तिच्यासाठी वेगळा लेयर केला, तिची खुर्ची, तिची शाल, तिचे हात सगळं रेघांनी काढलं आणि तो लेयर बंद करून ठेवला. कुणाला दिसायचं नाही. नाव दिलं 'आजी'. मला एकदा डबा खाताना त्यानेच दाखवलं, लहान मूल लपवलेली वस्तू दाखवतं तसं. तेव्हा मला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं की हे नकाशे कशासाठी चाललेत. घराचे भाग पाडून सुट्टीतल्या पाहुण्यांसाठी खोल्या करणार होते. म्हणजे बाई तिथून जाणार. सदा म्हणाला, "कुठेतरी असू दे ना ताई ती. आमची आई पण अशीच बसायची, सांगूनसुद्धा उठायची नाही." मी म्हटलं, "असू दे."

हो, मीच म्हटलं होतं असू दे. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिलंच पाहिजे.

पुढे सव्वा-दीड वर्षाने तिकडून जुन्या सगळ्या फायली पुन्हा मागवल्या. त्यांच्याकडे नवीन तपासणी लागली होती आणि त्यात सतरा नंबर अडकला. एक अनोळखी लेयर आहे, काढून टाका आणि अशी चूक पुन्हा नको. साहेबांनी मला केबिनमध्ये उभं करून झापलं. रिटायरमेंटला सहा महिने राहिलेले आणि एवढ्या वर्षांत मला कोणी असं बोललं नव्हतं. माझं डोकं फिरलं. तशीच बाहेर आले, सदाला खुर्चीतून उठवलं, त्याच्या मशीनवर फाईल उघडली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "काय रे, वृद्धाश्रम उघडलायस का इथे?" पोरं फिदीफिदी हसली. मी लेयर पुसला. जुनी प्रत जपून ठेवायची शिस्त मीच लावलेली, ती प्रतही शोधून पुसली. सदा बाजूला उभा होता. तो एवढंच म्हणाला, "ती उठली नव्हती, मॅडम."

मॅडम! ताईची मॅडम झाले ती त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी त्याने डबा जिन्यात बसून खाल्ला, तिसऱ्या दिवशीही. मी मनात म्हटलं, फुगू दे, चार दिवसांत येईल वळणावर. मी कशाला जाऊ? मीही तशीच, खट. चार दिवसांचे चार आठवडे झाले. सोड्यांची चटणी मी महिनाभर आणत होते, मग बंद केली. नकाशे माझ्याकडे यायचे, त्यात बोट ठेवायला जागा नसायची, आणि सोबत चिठ्ठी, "तपासून घ्यावे." माझ्या निरोपाला सगळ्यांनी भाषणं ठोकली, सदा शेवटच्या रांगेत उभा होता. जाताना पुढे आला आणि म्हणाला, "तब्येतीची काळजी घ्या, मॅडम." मी म्हटलं, "तुम्हीही घ्या." तुम्हीही! जिभेला काय झालं होतं माझ्या? घरी आल्यावर कितीदा फोन हातात घेतला. नंबर काढायचे, बघायचे, ठेवायचे. आता माझ्या बिल्डिंगमध्ये मी सगळ्यांची काकू, भाजीवाल्याची मावशी, बँकेतली मॅडम. अख्खा दिवस जातो आणि मला 'अगं' म्हणणारं कोणी नसतं. सदाचं काय होत असेल, हे मात्र मी तेव्हा एकदाही मनात आणलं नाही.

त्याच्या जलदानविधीला गेले. डोंगराच्या पायथ्याशी विहारात होता. मला कोणी बोलावलं नव्हतं, मागे जाऊन बसले. संपल्यावर एक बाई जवळ आल्या, सदाच्या शेजारच्या शकूताई. तो गेला त्या दिवशी सकाळी पाणी आलं तरी सदाची बादली नळाखाली लागली नाही, म्हणून त्यांनीच दार वाजवलं होतं. त्या मला म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्या ऑफिसातल्या ताई ना? चटणीवाल्या?"

मी विचारलं, "ताई म्हणायचा?"

"मग काय म्हणणार? ताई आता रिटायर झाली, ताई मुलुंडला असते, ताईला भेटायला जायचंय एकदा... असंच चालायचं त्यांचं."

मी परत खाली बसले. शकूताईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, खोली बघायची तर चला, भाचा वरच आहे. एकोणीस वर्षांत त्या डोंगरावर मी पहिल्यांदा चढत होते. खालून वर दीडशे-पावणेदोनशे पायऱ्या, अर्ध्यात मी दोनदा बसले. शकूताई माझ्यासाठी थांबल्या आणि सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "ताई, ती विलायतेतली म्हातारी कशी आहे हो? एकटीच राहायची ना, मोठ्या चुलीच्या घरात? आम्हाला नेहमी तिचं सांगायचे. मध्येच बंद झाले. विचारलं तर म्हणायचे, तिचं घर गेलं." दम लागलाय असं दाखवलं आणि उठले.

भाच्याने खोली रिकामी केली होती. भाड्याने द्यायची होती, दुसऱ्या दिवशी रंगारी येणार होता. कॉट नाही, कपाट नाही, भांडी नाहीत, भिंतींवर नुसते खिळे. सगळं सामान पुसून फक्त घर ठेवलेलं... मी दारातच थांबले. आणि मग एक गोष्ट लक्षात आली. इंग्लंडमधल्या घरात कोण कुठे बसतं ते मला ठाऊक होतं, आणि सदा ह्या खोलीत कुठे बसायचा ते मला माहीत नव्हतं. मी शकूताईंना विचारलं. त्यांनी खिडकीशेजारच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "इथे. आई बसायची त्या जागेवर. जमिनीवर चटई टाकून, पाठ टेकून. संध्याकाळी दार उघडंच असायचं, येता-जाता दिसायचे."

भिंतीवर तेलाचा डाग होता. खोबरेलाचा, तळहाताएवढा, मध्ये काळपट आणि कडेला पिवळा. डाग नाही, डोकं.

माझ्या पर्समध्ये मेजर टेप असतो, सवयीने, अजूनही. शकूताईंना म्हटलं, टोक धरा. भाचा म्हणाला, "काकू, खोली घ्यायचीय का कुणाला?" मी म्हटलं, "नाही रे बाबा. नकाशा काढायचाय." भंगाराच्या गोणीत वर पितळी ओळंबा दिसला, तो मागितला. "घेऊन जा ना, वजनावरच जाणार होता," म्हणाला. मी ओळंबा पोटमाळ्याच्या खिळ्याला बांधला. दोरी स्थिर झाल्यावर टेप लावला. सदाच्या वडिलांनी ओळंब्यात बांधलेली भिंत तेवढ्या वर्षांत डोंगराबरोबर दीड इंच सरकली होती. ते मी वाणसामानाच्या वहीत लिहून घेतलं. दार, खिडकी, मोरी, ओटा, फळीचे खिळे, सगळं. सरळ काहीही केलं नाही.

नंतर आठ दिवस मी तो नकाशा काढत होते, हाताने, शाईने, जेवणाच्या टेबलावर. चटई काढली. पाण्याची बादली काढली. भिंतीला टेकून बसलेला सदा काढला, शर्टाचं वरचं बटण लावलेला. माझं चित्र काही बरं नाही, पण काटकुळा आहे आणि तेल आहे, ओळखू येतो. मग वाटलं, समोर ती म्हातारीही बसवावी. पेन्सिल घेतली आणि... शाल कुठल्या खांद्यावर होती? डावा हात वर होता की उजवा? मला आठवेना. ते फक्त सदाला माहीत होतं, आणि त्याने काढून ठेवलेलं मी पुसलं होतं. दोनदा पुसलं होतं. पेन्सिल खाली ठेवली आणि खूप रडले. तो गेल्याचं कळल्यावर मेथी निवडत बसलेली मी, तेव्हा पहिल्यांदा रडले.

तिची जागा नकाशात मोकळी सोडलीय. एरवी सगळं पुरं झालंय. ओळंबा टेबलाच्या वर खिळ्याला टांगलाय, पंखा लावला की जरासा हलतो. त्या भिंतीला एव्हाना रंग लागला असेल. माझ्या कागदावर डाग आहे आणि त्याला बाण काढून माप लिहिलंय, जमिनीपासून दोन फूट सात इंच. खालच्या कोपऱ्यात सवयीने दोन चौकटी आखल्या. 'काढणार'मध्ये माझं नाव लिहिलं. 'तपासणार' रिकामी आहे. आमच्याकडे नियम होता, तपासल्याशिवाय नकाशा बाहेर जात नाही. म्हणून तो टेबलावरच आहे. मी आता बाजूला बसून जेवते.